देवदत्त सबनीसचं अ‍ॅमस्टरडॅम

देवदत्त सबनीस आणि अहिल्या यांची पहिली भेट झाली त्या दिवशी पुण्यात सूर्य दोनदा मावळला. एकदा रोजच्यासारखा पश्चिमेला आणि एकदा देवदत्तच्या पाठीवर. हे अर्थात देवदत्तचं म्हणणं.

झालं होतं ते असं. जानेवारी २००१. टेक्सासातल्या प्लेनोहून तीन आठवड्यांची रजा काढून आलेला हा गोलमटोल, हसतमुख, टेलिफोन कंपन्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारा इंजिनियर मावशीला घेऊन मुलगी बघायला गेला. मुलगी घरी नव्हती. तिच्या चित्रांचं प्रदर्शन लागलेलं होतं, बघायचं असेल तर तिकडे या, असा निरोप तिने वडिलांकडे ठेवला होता. मावशीला तो निरोप उद्धट वाटला. देवदत्तला त्यात काही वाटलं नाही, कारण त्याचं सगळं लक्ष वडिलांनी पुढे केलेल्या चिवड्याकडे होतं. चिवडा संपवून दोघं प्रदर्शनात गेले. तिथे देवदत्तने चित्रं बघण्याचा पवित्रा घेतला, म्हणजे हात पाठीमागे बांधले, मान तिरकी केली आणि जाणकारासारखा एकेक पाऊल मागे सरकत तो थेट मागच्या भिंतीवरच्या सूर्यास्ताला जाऊन टेकला. अहिल्येने त्या सूर्यास्तावरून सकाळीच पुन्हा हात फिरवला होता. रंग ओला होता.

प्लेनोच्या मराठी मंडळींनी हा किस्सा इतक्यांदा ऐकला की दर वर्षी तो सूर्यास्त वाढत गेला. पहिल्या वर्षी शर्टाला डाग पडला. दुसऱ्या वर्षी पाठ नारिंगी झाली. तिसऱ्या वर्षी देवदत्त तसाच लक्ष्मी रोडवरून चालत गेला आणि संध्याकाळ झाली असं समजून दुकानदारांनी दिवे लावले. चौथ्या वर्षी कावळे घरट्यांकडे परतले, एका आजीबाईंनी त्याच्या पाठीला हात जोडले आणि एका गुराख्याने, भर लक्ष्मी रोडवर, गाई वळवल्या.

लोक हसून हसून बेजार झाले की कोणीतरी अहिल्येला विचारायचं, "खरं काय गं?"

"तो टेकला ते मी बघितलं होतं," ती सांगायची. "अर्धा तास बोललेच नाही."

"का?"

"हलणारं चित्र पहिल्यांदाच बघत होते."

मग पुन्हा हशा. आणि आग्रह करकरून वाढलेल्या माणसाने ताट चाटूनपुसून संपवलं की यजमानाचा चेहरा होतो तसा देवदत्तचा चेहरा व्हायचा.

देवदत्तचं सगळं आयुष्य असंच चाललेलं होतं. गाडीला जसं स्टेपनी तसा त्याला विनोद. चाक कुठेही बसो, हा उतरणार, डिकी उघडणार आणि एक विनोद काढून बसवणार. लग्न करून आला त्याच वर्षी टेलिफोनचा धंदा कोसळला. त्याच्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत मजल्यामागून मजले रिकामे झाले. शुक्रवारी दुपारी मॅनेजर खांद्यावर हात ठेवायचा आणि संध्याकाळी माणूस खोक्यात कुंडी आणि कप घेऊन पार्किंगमध्ये उभा असायचा. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याचं या देशात राहण्याचं कारणच जायचं, आणि बायकोचंही त्याच्याबरोबर. देवदत्त घरी येऊन सांगायचा, "आज आमच्या मजल्यावर मी आणि झेरॉक्स मशीन. मशीनचा परफॉर्मन्स जास्त चांगला आहे, पण त्याला कँटीनमध्ये गप्पा मारता येत नाहीत, म्हणून मला ठेवलंय." अहिल्या हसायची. रात्री त्याला झोप लागायची नाही, हेही तिला माहीत होतं. त्याविषयी तो बोलायचा नाही आणि ती विचारायची नाही.

तिचा व्हिसा बायकोचा. त्यावर राहता येई, नोकरी करता येत नसे. पुण्यात दोन शाळांत चित्रकला शिकवणारी, स्कूटरवरून कॅनव्हास बांधून नेणारी ही बाई प्लेनोच्या चार बेडरूमच्या घरात, जिथे कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा हायवे लागतो, तिथे दिवसभर एकटी असायची. देवदत्त तिला 'घरची सीईओ' म्हणायचा. तिने गॅरेजमधली एक भिंत रंगवायला घेतली होती. पुण्यातला त्यांच्या घराचा जिना, त्यावर वाळत घातलेल्या कुरडया, आणि वरच्या पायरीवर बसलेली आई. आईचा चेहरा तिने शेवटी काढायला ठेवला होता.

२००३ च्या डिसेंबरात आई गेली.

त्याच महिन्यात अहिल्येच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपत होती आणि देशात राहायची मुदत वाढवण्याचा अर्ज आत गेलेला होता. देवदत्तने ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभं राहून कंपनीच्या वकिलाला फोन लावला. अर्ज मंजूर होईपर्यंत शक्यतो देश सोडू नये, वकील म्हणाला. सोडला तर परत यायला तिथल्या वकिलातीतून नवा व्हिसा घ्यावा लागेल, आणि हल्ली त्याला किती महिने लागतील ते कोणी सांगू शकत नाही. देवदत्त गाडीत बराच वेळ बसून राहिला. मग घरी जाऊन त्याने हे 'शक्यतो' अहिल्येला सांगितलं. ती गेली नाही. पुण्यात वडिलांनी, नानांनी, एकट्याने सगळं केलं.

त्या आठवड्यात देवदत्तने जिवाचं रान केलं. पिठलं केलं, ते भिंतीला लावण्याच्या लायकीचं झालं, म्हणून त्याने खरोखरच करणीने ते गॅरेजमध्ये लावून दाखवलं. शेजारचा संजय आणि त्याची बायको प्रतिमा भेटायला आले तर त्याने संजयच्या नव्या मिशीवर अर्धा तास काढला. प्रतिमा निघताना अहिल्येच्या कानाशी म्हणाली, "नशीबवान आहेस हं, असा नवरा मिळायला." अहिल्येने मान हलवली. भिंतीवरच्या जिन्याला मात्र त्यानंतर तिने ब्रश लावला नाही. आईच्या चेहऱ्याच्या जागी पांढरा ठिपका तसाच राहिला. देवदत्त त्याच्यासमोरून रोज गाडी काढायचा आणि घालायचा.

तो दीड वर्ष वाट बघत राहिला की ती पुन्हा रंग काढेल. तिने काढले नाहीत. मग त्याला वाटलं, हिला चित्रांकडे नेलं पाहिजे. पुण्यात असताना छापील पुस्तकांत बघून बघून जी चित्रं तिला पाठ होती, ती खरीखुरी दाखवली पाहिजेत. त्याने अ‍ॅमस्टरडॅम ठरवलं. मे २००५, सहा दिवस. हॉटेल, ट्रामचे पास, म्युझियमची तिकिटं, सगळं गुपचूप बुक करून त्याने ते कागद एके दिवशी तिच्या डब्यांमागे ठेवले आणि मीठ सापडत नाही म्हणून तिला हाक मारली.

कागद वाचून अहिल्या ओट्याला टेकली. "खरंच जायचंय?" एवढंच म्हणाली. पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तीच आधी बोलली आणि बराच वेळ बोलत राहिली. कुठलं चित्र कुठल्या खिडकीच्या उजेडात काढलंय वगैरे. देवदत्तला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने बोलणं थांबवू नये एवढं कळत होतं.

निघण्याच्या आदल्या रविवारी संजयच्या अंगणात मक्याची कणसं भाजली जात होती.

"अरे, अहिल्येच्या स्टॅम्पिंगचं काय?" संजयने विचारलं. "पासपोर्टवरचा शिक्का संपलाय ना?"

"मग काय झालं? मुदतवाढीचा कागद आहे की. त्यावर अजून वर्षभर आहे."

"तो कागद राहण्यासाठी असतो यार. परत आत यायला शिक्का लागतो."

"अरे बाबा, मागच्या जुलैत आपण नायग्राला कॅनडाच्या बाजूला गेलो नव्हतो? येताना हिचा हाच कागद दाखवला. ऑफिसर म्हणाला, हॅव अ गुड डे. डच लोकांनीसुद्धा हाच बघून व्हिसा दिला."

"कॅनडाचं वेगळं असेल. वकिलाला एक ईमेल टाक ना."

"तो काय सांगणार? नका जाऊ. त्याला विचारलंस तर आंघोळीलासुद्धा जाऊ नका म्हणेल, पाय घसरेल."

संजय हसला, कणीस उलटं केलं, आणि विषय तिथेच संपला. देवदत्तने ईमेल टाकला नाही. त्या वकिलाचं एक 'शक्यतो' त्याने एकदा घरी आणलं होतं. दुसरं आणायची त्याची तयारी नव्हती. डिकी उघडून त्याने एक विनोद काढला आणि बसवला.

संजयचं बरोबर होतं. कॅनडाला थोड्या दिवसांसाठी जाऊन येणाऱ्याला संपलेला शिक्का चालतो, तशी सवलत आहे. ती समुद्रापलीकडे लागू नाही. देवदत्तचा स्वतःचा शिक्का मात्र ताजा होता. ऑफिसने आदल्या हिवाळ्यात त्याला हैदराबादेतल्या टीमला शिकवायला पाठवलं होतं तेव्हाच त्याने तो मारून घेतला होता. अहिल्येला तेव्हा रजा लागणार नव्हती, पण दोघांच्या तिकिटापेक्षा घराचं छप्पर बदलणं जास्त निकडीचं ठरलं होतं.

अ‍ॅमस्टरडॅमला त्यांचे पाच दिवस फार मजेत गेले. हे नंतर दोघांनीही कबूल केलं.

देवदत्त एका हातात छापील कार्यक्रम आणि दुसऱ्या हातात थालीपिठांची पिशवी घेऊन पुढे चालायचा, पिकनिकच्या मास्तरांसारखा. सायकलवाल्यांची त्याला इतकी धास्ती बसली होती की रस्ता ओलांडण्यापूर्वी तो डोळे मिटून पुटपुटायचा. कालव्यातून फिरवणाऱ्या बोटीत त्याने अरुंद, उंच, एकमेकांना खेटून उभी असलेली घरं बघितली आणि म्हणाला, "ही घरं नाहीत गं. ही बसच्या रांगेतली माणसं आहेत. मागच्याने ढकललंय म्हणून पुढचा वाकलाय." अहिल्या वाकलेल्या घरांची चित्रं काढत होती. होय, चित्रं. पहिल्याच दिवशी तिने एका दुकानातून छोटी वही आणि पेन्सिल घेतली होती. देवदत्तने ते बघितलं, पण त्याबद्दल एकही विनोद केला नाही. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच.

तिथल्या मोठ्या म्युझियमची तेव्हा दुरुस्ती चालू होती आणि निवडक चित्रं एकाच भागात आणून लावली होती. देवदत्तला ही व्यवस्था फार पसंत पडली. "जगातल्या सगळ्या म्युझियमनी दुरुस्ती काढली पाहिजे," तो म्हणाला. कानाला लावायचं बोलकं यंत्र त्याने भाड्याने घेतलं आणि चित्राखालचा आकडा दाबत तो दालनातून फिरायला लागला. कुठेतरी एक आकडा चुकला. तेव्हापासून कानातली बाई त्याला पुढच्या चित्राची माहिती सांगत होती आणि तो आधीच्या चित्राकडे बघून माना डोलवत होता. एका ताटलीत अर्धं सोललेलं लिंबू, शेजारी शिंपले आणि ग्लास, असं एक शांत चित्र होतं. त्याच्यासमोर तो बराच वेळ गंभीर उभा राहिला.

"काय रे?" अहिल्येने विचारलं.

"या लिंबामुळे तीनशे खलाशी बुडाले," देवदत्त दबक्या आवाजात म्हणाला. "वाऱ्याची दिशा बदलली आणि इंग्रजांचं आरमार पळालं. पण मला अजून जहाज सापडत नाहीये. शिंपल्यामागे असेल का?"

अहिल्येने त्याच्या हातातलं यंत्र बघितलं, आणि मग ती हसायला लागली. ती बाकावर बसली, वाकली, तोंडावर ओढणी धरली, तरी हसू थांबेना. पहारेकरी येऊन विचारून गेला की बाईसाहेबांना बरं वाटतंय ना. दीड वर्षात ती अशी हसली नव्हती. देवदत्तला वाटलं, जमलं. ते सगळं आपण मागे टाकलं.

त्याच दालनाच्या टोकाला तिला सगळ्यात जास्त पाठ असलेलं चित्र होतं. हातभर लांबीरुंदीचं. खिडकीशी उभी राहून मातीच्या भांड्यात दूध ओतणारी एक दणकट बाई, बाह्या वर सारलेल्या. अहिल्या त्याच्यासमोर उभी राहिली ती राहिलीच. देवदत्त दोन दालनं बघून आला, कॉफी पिऊन आला, तरी ती तिथेच.

"किती सावकाश ओततेय," तो म्हणाला. "अशाने साय धरेल."

"मागची भिंत बघ," अहिल्या म्हणाली. "तिच्यात खिळ्याची भोकं आहेत. खिळा काढून टाकलाय, भोक ठेवलंय. चित्रकाराने तेवढंसुद्धा सोडलं नाही."

देवदत्तने भोक बघितलं. मग घड्याळ बघितलं. बोटीची तिकिटं चारची होती. "उद्या परत येऊ," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पवनचक्क्या होत्या, तिसऱ्या दिवशी सुट्टी संपली.

विमानतळावर शनिवारी सकाळी निळ्या कोटातल्या बाईने दोघांचे पासपोर्ट घेतले. देवदत्तचा परत दिला. अहिल्येचा उलटसुलट केला.

"हा व्हिसा संपलाय," ती म्हणाली.

"हो, पण हा कागद आहे," देवदत्तने पुढे केला.

"हा कागद अमेरिकेत असलेल्या माणसासाठी आहे. मॅडम अमेरिकेत नाहीत. त्या इथे आहेत."

देवदत्तने कॅनडाचं सांगितलं. ती बाई शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायची. तिचा साहेब आला, त्याने ते अधिक सभ्यपणे म्हटलं. शिक्का नसलेल्या माणसाला विमानात घेता येणार नाही. सर जाऊ शकतात.

ते बाजूच्या बाकांवर येऊन बसले. सोमवारी देवदत्तच्या कंपनीत सहा महिन्यांच्या कामाची चाचणी सुरू होणार होती आणि तो तिथे नसला तर काय होईल हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मॅनेजर शुक्रवारी त्याच्या खांद्यावर हात ठेवेल. नोकरी गेली तर त्याचा व्हिसा गेला, त्याचा गेला तर हिचा कुठला, दोघांचं ग्रीन कार्डही त्याच नोकरीला टांगलेलं. सगळा हिशेब त्याच्या डोक्यात लख्ख होता. त्यात चूक काढायला कुठेही जागा नव्हती.

"मी गेलो नाही तर दोघंही बाहेर," तो म्हणाला. "मी गेलो तर वकिलाला धरून तुला चार दिवसांत आणतो. इथल्या वकिलातीत सोमवारी जाऊन ये. नाहीच झालं तर पुणे."

अहिल्या 'थांब' म्हणाली नाही. हे देवदत्तने पुढे संजयला अनेकदा सांगितलं, की ती एकदा जरी थांब म्हणाली असती तरी मी थांबलो असतो. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचा खालचा ओठ जरासा हलायला लागला होता. देवदत्तने तो ओठ बघितला. आणि तो घाईघाईने डिकीकडे धावला.

"अगं, बरंच झालं की. तुला नाहीतरी त्या दूधवालीपाशी अजून थांबायचं होतं. जा, साय धरली का बघून ये."

अहिल्या हसली. खरंच हसली. ओठ थांबला. त्याने तिला क्रेडिट कार्ड दिलं, उरलेली थालीपिठं दिली, तिच्या केसांवर हात ठेवला आणि तो आत गेला. विमानात त्याने ते हसू सोबत घेतलं होतं. चला, निदान हसत सोडलं तिला, असं तो स्वतःला म्हणत राहिला. जेवण आलं ते त्याने सगळं खाल्लं.

सोमवारची चाचणी एक आठवडा पुढे ढकलली गेली. कुठल्याशा सर्व्हरचा भाग आला नव्हता.

इकडे वकील म्हणाला, विचारायला हवं होतं. अ‍ॅमस्टरडॅमच्या वकिलातीत तिला सांगितलं की तुम्ही आपल्या देशात जाऊन अर्ज करा. पुण्याचं विमान मिळेपर्यंत ती तीन-चार दिवस त्याच हॉटेलात एकटी राहिली. देवदत्त फोन करायचा.

"काय करतेयस?"

"म्युझियममध्ये होते."

"साय धरली का?"

"नाही," ती म्हणायची.

पुण्यात घरी पोचल्यावर ती आधी जिन्यावर बसून राहिली, असं नानांनी त्याला फोनवर सांगितलं. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदा त्या घरात आली होती. वर चल म्हटलं तर येईना, ऊन तापलं तरी येईना.

मुंबईतली मुलाखत जूनमध्ये झाली, आणि जुलैत शिक्का मारलेला पासपोर्ट कुरियरने पुण्याला आला. देवदत्तने ऑफिसात पेढे वाटले. प्रतिमाने घर झाडून दिलं. "बघ," तो संजयला म्हणाला, "म्हटलं होतं ना, येईल." आणि त्याच रात्री त्याने तिला फोन लावला.

"तिकीट बुक करू? पुढचा शनिवार?"

"नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. थांब थोडं."

ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. सप्टेंबरात तिने सांगितलं की जुन्या शाळेत चित्रकलेच्या बाई बाळंतपणासाठी गेल्यात, दिवाळीपर्यंत मी शिकवतेय. देवदत्तने मुलांच्या चित्रांवर विनोद केले. डोंगर, दोन त्रिकोण, मधे सूर्य, खाली नदी. ऑल इंडिया परमिट आहे त्या चित्राला. ती हसली. दिवाळी झाली. बाळंतीण बाई परत आल्या नाहीत. प्लेनोतल्या घरात देवदत्तने ओट्यावर जेवायची सवय लावून घेतली, ताट नको म्हणून कढईतूनच. गॅरेजमध्ये गाडी घालताना तो दिवा लवकर बंद करायला लागला. मंडळाच्या दिवाळी पार्टीला कोणीतरी सूर्यास्ताची फर्माईश केली, तर तो उभा राहिला, तोंड उघडलं, आणि पहिल्याच वाक्यानंतर म्हणाला की घसा बसलाय.

डिसेंबरात त्याने स्वतःचं पुण्याचं तिकीट काढलं. निघायच्या आठवड्यात ऑफिसात पुन्हा माणसं काढायला सुरुवात झाली. रजेवर असलेला माणूस यादीत पहिला असतो, असं सगळेच म्हणत होते. त्याने तिकीट कॅन्सल केलं. हे सांगायला त्याने फोन केला तेव्हा प्लेनोत रविवारची सकाळ होती आणि पुण्यात तिन्हीसांज उलटून गेली होती.

"समजलं," अहिल्या म्हणाली.

"मार्चमध्ये नक्की येतो. नाहीतर तूच ये ना. शिक्का काय लोणचं घालायला मारून घेतलायस?"

ती हसली नाही. 

"देवदत्त, एक सांगू? मधे बोलू नकोस."

"बोल."

"त्या दिवशी तू विमानात बसलास ते बरोबरच होतं. मी खूप विचार केला. तुझ्या जागी मी असते तर बहुतेक मीही गेले असते. त्याचं मला काही नाही."

"मग?"

"मला रडायचं होतं आणि तू मला हसवलंस."

देवदत्तने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई गेली तेव्हाही तेच केलंस," ती म्हणाली. "पिठलं भिंतीला लावत होतास. मी हसले. मला वाटलं, हा इतकं करतोय माझ्यासाठी, मी हसले नाही तर याला किती वाईट वाटेल. तेव्हापासून मी तुझ्यासाठीच हसतेय. त्या म्युझियममध्ये लिंबासमोर मात्र खरं आलं होतं हं. ते तेवढं खरं होतं."

"अहिल्या, मला भीती वाटते," देवदत्त म्हणाला. "तू रडायला लागलीस तर मला काय करायचं ते कळत नाही. मला वाटतं, आता सगळं संपलं."

"मग बसायचं ना नुसतं शेजारी."

"आता बसतो. आलीस की बसतो. कितीही वेळ."

तो हे मनापासून म्हणत होता. आणि ती विश्वास ठेवत नव्हती असंही नाही. पण ती ओट्याशी उभी होती, मागे नाना रेडिओ लावत होते, सोमवारी तिला सातवीच्या वर्गाला उजेड आणि सावली शिकवायची होती, आणि प्लेनोत तिने शिकवावं असं कोणी नव्हतं. त्याने विचारलं, "येणार आहेस का, तेवढं सांग." ती म्हणाली, "नाही येत." मग म्हणाली, "खाल्लंस का काही?" आणि काय खाल्लं ते त्याने सांगितलं.

मार्चमध्ये तो गेला नाही. त्याच्या मॅनेजरने त्याला बढती दिली, आणि बढती मिळालेल्याच वर्षी रजा मागणं बरं दिसलं नसतं. गॅरेजची भिंत त्याने पांढरी करून घ्यायचं ठरवलं, रंगारी आला, शिडी लावली, आणि देवदत्तने त्याला परत पाठवलं. त्यानंतर तो गाडी बाहेर रस्त्यावरच लावायला लागला. अहिल्येशी दर रविवारी बोलणं होई, पुढे पंधरा दिवसांनी, पुढे सणावारी. प्रतिमा त्याला डबा पाठवी आणि घरी येऊन संजयला म्हणे, "काय बाई असते एकेक. इतका हसरा माणूस."

घटस्फोट २००८ साली पुण्याच्या कोर्टात परस्पर संमतीने झाला. देवदत्तच्या पासपोर्टवरचा शिक्का तोवर संपला होता आणि ग्रीन कार्डचा अर्ज आत होता, म्हणून वकिलाने त्याला देश सोडू दिला नाही. त्याच्या वतीने, कुलमुखत्यारपत्र घेऊन, त्याचा चुलतभाऊ विष्णू हजर राहिला.